लघु लघु गुरु गुरु : कंट्री गीतांच्या साहित्यिक वाचनाविरुद्ध

अमेरिकन कंट्री संगीताविषयी साहित्याच्या वर्गात जे बोलले जाते ते जवळजवळ सगळे शब्दांविषयी असते. मोडलेला संसार, दारूचा गुत्ता, मालवाहू ट्रक, आई, देव, झेंडा अशी आशयसूत्रांची यादी फळ्यावर लिहायची, तिच्यातून 'भाबडे स्मरणरंजन' आणि 'गोऱ्या ग्रामीण अमेरिकेची सनातनी मानसिकता' हे दोन निष्कर्ष काढायचे आणि तास संपवायचा. निष्कर्ष सर्वस्वी खोटे आहेत असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप वाचनाच्या रीतीला आहे. या गीतांपैकी फार मोठा भाग नाचघरासाठी घडलेला आहे. जात्याची घरघर वगळून ओवीचा अभ्यास करणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच पाय न हलवता कंट्री गीतावर मत देणाऱ्यालाही म्हणायला हवे.

तेव्हा सुरुवात पायांपासून. टेक्सासातील जोडीनृत्यांचा कणा म्हणजे टू-स्टेप. तो शिकवणारे 'क्विक, क्विक, स्लो, स्लो' असे मोजतात. क्विकला एक ठोका, स्लोला दोन. माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' चाळलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल : ल ल गा गा, एकूण सहा मात्रा. पावले चार, त्यामुळे नेणाऱ्याची प्रत्येक सुरुवात डाव्या पायाने आणि पुढे. साथ देणाऱ्याची उजव्या पायाने आणि मागे. पाऊल उचलून आपटायचे नाही, सरकवायचे. काउबॉय बुटांचा शौक आहे म्हणून नव्हे, तर चामड्याचा तळवा लाकडी जमिनीवर सरकतो आणि रबराचा चिकटतो म्हणून त्या बुटांना तिथे अर्थ आहे. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याने चामडी तळव्याचे कोणतेही जोडे घालावेत. टोपीवाचून तर काहीच अडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. गीत चाराच्या आवर्तनात चालते आणि पाय सहाच्या. पहिले पाऊल समेवर पडले, तर पुढच्या फेरीचे पहिले पाऊल दुसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या ठोक्यावर पडते; समेची गाठ पुन्हा बारा ठोक्यांनी. नवशिका इथेच घाबरतो. आपला ताल सुटला असे समजून तो थांबतो आणि पायांकडे पाहू लागतो. वस्तुतः काहीही सुटलेले नसते. शब्दांची ओळ एका ठिकाणी संपते, पावलांची दुसऱ्या. गाणारा रडत असतो आणि नाचणारा पुढे सरकत असतो. घटस्फोटाच्या गाण्यावर तीनशे माणसे हसतमुखाने फिरतात, याला भाबडेपणा म्हणायचे की गीताच्या आशयाशी केलेला वाद म्हणायचे, हा समीक्षेचा प्रश्न आहे. केवळ शब्द वाचणाऱ्याला तो पडतच नाही.

दुसरी तक्रार शिकवणाऱ्यांविषयी. 'सुरुवात कशी करावी' या नावाखाली जे विकले जाते ते बहुधा गिरक्यांचे पाठांतर असते : आज ही, उद्या ती, महिन्याला अमुक इतक्या. हे व्याकरणाच्या तक्त्यांवरून भाषा शिकवण्यासारखे झाले. नाचघराने नवशिक्याची सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. सगळे फ्लोअर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. वेगवान जोड्या बाहेरच्या कडेने, सावकाश चालणाऱ्या आतल्या बाजूने, आणि जागच्या जागी नाचणारे वा लाइन डान्सवाले मध्यभागी. मध्येच थांबायचे नाही, हातात पेला घेऊन फ्लोअरवर यायचे नाही, चालत्या नाचात जोडीदाराला धडे द्यायचे नाहीत. एवढे पाळले की नुसती चार पावले येणारा माणूसही पूर्ण संध्याकाळ कोणाच्याही पायात न येता नाचू शकतो. आपल्या समीक्षेत नृत्य म्हणजे कोणीतरी करायचे आणि उरलेल्यांनी पाहायचे. फुगडी आणि गरबा आपण लोकसाहित्याच्या प्रकरणात टाकून मोकळे होतो. त्यामुळे प्रेक्षकच नसलेल्या नृत्याला कोणती मापे लावायची हे आपल्याला सुचत नाही.

लाइन डान्सविषयीही एक शिष्ट तुच्छता आहे, आणि ती कंट्रीवाल्यांतच अधिक. १९९२ साली बिली रे सायरसच्या 'एकी ब्रेकी हार्ट'ने हा प्रकार जगभर नेला, तेव्हापासून जुने नाचणारे त्याला कवायत म्हणतात. म्हणोत. ज्या बाईला कोणी विचारण्याची वाट पाहायची नाही, जो माणूस एकटा आला आहे, त्यांना फ्लोअरवर उतरण्याचा तो सर्वांत सोपा रस्ता आहे.

राहिला सनातनीपणाचा आरोप. गंमत अशी की आरोप करणाऱ्यांच्या हाताशी भक्कम पुरावा आहे आणि तो ते वापरत नाहीत. १९२०च्या दशकात हेन्री फोर्डने जॅझवर उतारा म्हणून स्क्वेअर डान्सचा पैसा ओतून प्रचार केला. त्यामागे त्याचा ज्यूद्वेष आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताविषयीची घृणा उघड होती. पण टेक्सासचे नाचघर फोर्डने बांधलेले नाही. १८७८ सालचा ग्रून हॉल जर्मन वसाहतीतला आहे. चेक आणि जर्मन स्थलांतरितांनी पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश तिथे आणले. आणि ज्या जॅझला फोर्ड भीत होता तोच पुढच्या दशकात बॉब विल्सच्या वेस्टर्न स्विंगमधून याच फ्लोअरवर आला. अर्थात नाचघरे वंशभेदापासून मुक्त नव्हती : कृष्णवर्णीयांचे सूर आत घेतले गेले आणि खुद्द त्यांना मात्र अनेक दारांशी अडवले गेले. हा अन्याय गीतांच्या ओळीत शोधून सापडणार नाही. तो फ्लोअरवर कोण होते आणि कोण नव्हते, हे विचारल्यावरच दिसतो.

'पुरुषाने न्यायचे, बाईने मागे जायचे' हाही आक्षेप असतो. डॅलसच्या राउंड-अप सलूनसारख्या समलिंगी नाचघरांत पुरुष पुरुषासोबत टू-स्टेप नाचतात, आणि तिथे नेणे कोणाकडे हे लिंगावरून ठरण्याचा प्रश्नच उरत नाही. पावले तीच राहतात. म्हणजे नेणे आणि साथ देणे या नृत्यातल्या भूमिका आहेत. त्यांना लिंग आपण चिकटवले.

ह्यूस्टन-डॅलसकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सारे पडताळून पाहणे सहज शक्य आहे. अनेक नाचघरांत संध्याकाळी मुख्य कार्यक्रमाआधी नवशिक्यांचा तास असतो. इथल्या प्राध्यापकांनी निदान पुढच्या वेळी आशयसूत्रांची यादी लिहिण्यापूर्वी बाके भिंतीला लावावीत, हँक विल्यम्सचे एखादे चालते गाणे लावावे आणि विद्यार्थ्यांना ल ल गा गा चालायला सांगावे.