मिनिस्टर, विंडो सीट आणि थर्टीफर्स्ट

आमच्या सकाळच्या विरार फास्टमध्ये एक मिनिस्टर आहे. खरं नाव वेगळं, पण सगळा डबा त्याला मिनिस्टरच म्हणतो. आयटी कंपनीत टीम लीड, वय पस्तीसच्या आसपास, ईएमआय चालू. नालासोपाऱ्याहून उलटा विरारला जातो, विंडो पकडतो आणि भाईंदरचा पूल यायच्या आत देशाचा कारभार हातात घेतो. खाती ठरलेली आहेत. नायगावपर्यंत परराष्ट्र, बोरिवलीपर्यंत अंतराळ, आणि अंधेरीला उतरणाऱ्यांची ढकलाढकली सुरू झाली की दरवाज्याकडे सरकता सरकता हवामान. हवामानाला आपल्याकडे बसायला जागा मिळत नाही, हे बाकी खरंय.

त्याचं ऐकायला मजा येते. 'मला वाटतं' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नाहीत.

परराष्ट्र खात्याचं धोरण एका वाक्याचं: पाकिस्तानशी पार कट्टी. फोन बंद, पत्र बंद, कागद बंद. 'बोलतो तो कमजोर!' असं तो म्हणतो आणि फोर्थ सीटवरचे दोघं-तिघं माना डोलावतात. (फोर्थ सीटवर बसलेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याला फक्त अजून दोन इंच हवे असतात.)

बॉस, हे भाषण वसईत चालू असतं, म्हणून मला राहवत नाही. आपल्या गावाला किल्ला म्हणजे प्री-वेडिंग शूटचं लोकेशन एवढंच ठाऊक. पण परराष्ट्र धोरण या विषयात वसईचा अनुभव दिल्लीपेक्षा जुना आहे. 1534 साली गुजरातचा बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने पोर्तुगीजांकडे वळला आणि वसईसकट मुंबईची बेटं त्यांना देऊन बसला. ते परत मिळवायला 1739 उजाडलं आणि चिमाजीअप्पांना किती माणसं गमवावी लागली! आणि मग 1802. ऑक्टोबरात होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पळत पळत वसईत आला आणि इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. सहा हजारांची इंग्रजी फौज पदरी घ्यायची, तिच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. पण खरी गोम वेगळ्याच कलमात होती: कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. म्हणजे परराष्ट्र खातंच आऊटसोर्स! तारीख माहितीये? 31 डिसेंबर. थर्टीफर्स्टला एवढी महागडी पार्टी महाराष्ट्रात दुसरी झाली नसेल.

बोलायचा हक्क गेला की काय जातं, ते वसईने तेव्हा पाहिलं. म्हणून तोच हक्क हौसेने टाकून देणाऱ्या मिनिस्टरला मी विचारलं, 'अरे, कट्टी केलीस तर खलाशांचं काय?'

'कुठले खलाशी?'

आपल्याच जिल्ह्यातले. डहाणू-तलासरीकडची पोरं सीझनला ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात सीमेवर पांढरी पट्टी मारलेली नसते. मासळीमागे बोट सरकली की पलीकडची गस्तीची बोट येते आणि बोटीसकट सगळ्यांना कराचीला नेते. नोव्हेंबर 2021 मध्ये तर 'जलपरी' नावाच्या बोटीवर गोळीबारच झाला. त्यात गेलेला खलाशी पालघरच्या वडराई गावचा होता. धरलेल्यांना सोडवायचं तर आधी ते आत आहेत हे समोरच्याने कागदावर मान्य करावं लागतं. त्यासाठी 2008 चा एक करार आहे. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. 2025 च्या मे महिन्यात दोन देशांत क्षेपणास्त्रं उडाली, आणि तरी त्याच 1 जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या! पाकिस्तानच्या यादीत भारतीय, किंवा भारतीय मानले गेलेले, मच्छीमार होते 193. मिनिस्टरच्या धोरणात हा कागदसुद्धा बंद. आणि मग तलासरीच्या एखाद्या पाड्यावर बसलेल्या बाईने, नवरा आत आहे की बुडाला, हे कुणाला विचारायचं?

कडक असायला माझी ना नाही. जून 2025 मध्ये नौदलात पाणबुड्या शोधणारी एक युद्धनौका दाखल झाली. तिचं नाव आयएनएस अर्नाळा, आपल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून. कॉलर मीही ताठ केली. पण अर्नाळा पाण्यात असावी आणि यादीही टेबलावर असावी, यात मला तरी काही विचित्र दिसत नाही.

असो. बोरिवली आली. अंतराळ.

इथे मिनिस्टरचं मत सीझनप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात तो म्हणतो, 'चंद्रावर सहाशे कोटी घालवले, इथे नालासोपाऱ्यातलं पाणी निघत नाही.' पण 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी, सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 उतरलं, तेव्हा आम्ही परतीच्या गाडीत एकाच मोबाईलवर आठ डोकी घालून उभे होतो आणि सगळ्यात जोरात शिट्टी कुणी मारली? ह्यानेच! ती शिट्टी मला त्याच्या पावसाळी मतापेक्षा जास्त खरी वाटते.

मात्र चंद्र की गटार, हा हिशेबच मला पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर अंतराळ खातं चंद्रावर नाही, बोटीवर भेटतं. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा कुठेही जा. मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते, तो उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि पाण्यातल्या हरितद्रव्यावरून. वादळ दिसतं तेही उपग्रहालाच आधी. आणि 30 ऑगस्ट 2024 ला खुद्द पालघरमध्ये पंतप्रधानांनी एका योजनेचा शुभारंभ केला: इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर देशभरातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर बसवायचे. मोबाईलची रेंज संपते तिथेही या डब्यातून दोन्ही बाजूंनी निरोप जातो. वादळाचा इशारा येतो, संकटात हाक मारता येते आणि सीमा जवळ आली की सावध केलं जातं. परराष्ट्र, अंतराळ, हवामान, तिन्ही खाती तांडेलाच्या उशाशी, एका डब्यात!

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचंही भूमिपूजन झालं, 76 हजार कोटींच्या घरातलं. त्या बंदराने आमची मासेमारीची जागा जाईल म्हणून किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं भांडत होते. मिनिस्टर बंदराच्या बाजूने आहे, मी अजून पूर्ण कुठल्याच बाजूला नाही. पण सुरक्षित मासेमारीचं यंत्र आणि मासेमारीच्या जागेवरचं बंदर एकाच मांडवात दिलं गेलं, हे डोक्यातून जात नाही.

आता हवामान, म्हणजे उभ्या उभ्या. 'क्लायमेट चेंज हे फॉरेनचं फॅड आहे,' हे मिनिस्टरचं वाक्य ऐकून मी पूर्वी कानात हेडफोन घालायचो. पण गेल्या पावसाळ्यात त्याने त्याला एक शेपूट जोडलं आणि मी हेडफोन काढला. तो म्हणाला, 'सगळं क्लायमेटवर ढकललं की नोटीस कुणाला पाठवायची? आर्क्टिकच्या अस्वलाला?'

सॉल्लिड मुद्दा आहे, यार. 10 जुलै 2018 आठवा. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वडोदरा एक्स्प्रेसमधल्या माणसांना एनडीआरएफने बाहेर काढलं, वसईच्या मिठागरात काही शे लोक अडकले. माझी बाईक दोन दिवस हँडलपर्यंत पाण्यात होती आणि हॉलमधला सोफा तरंगत होता. तो पाऊस काही अस्वलाने पाडला नव्हता, पण पाणी मुरायची, साठायची खाजणं आणि मिठागरं भरावाखाली गेली तीही अस्वलाने बुजवली नव्हती. पाऊस आणि भरती एकत्र आली की वसईचं पाणी खाडीत उतरत नाही, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होतं.

पण मिनिस्टर तिथेच थांबतो. समुद्र बदललाय, हे त्याच्या खात्यात बसत नाही. अरबी समुद्र तापतोय, त्यातली वादळं जोरदार होतायत. 2009 मध्ये फयान, 2020 मध्ये निसर्ग, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते. कळंबच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं मुळासकट आडवी पडलेली पाहायला विमानाचं तिकीट लागत नाही, नालासोपाऱ्याहून रिक्षा मिळते. ऱ्हास बिल्डरचा की समुद्राचा, हा वाद तिसऱ्या मजल्यावरून घालता येतो आणि मिनिस्टर तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी तळमजल्यावर. पाणी आत येताना त्यातलं किती टक्के भरावाचं आणि किती वातावरणाचं, असं विचारून येत नाही, आणि दोघांचीही सुट्टी मी करू शकत नाही.

परवा अंधेरीला उतरताना मिनिस्टरने विचारलं, 'ती यादी कधी असते म्हणालास?'

'1 जानेवारीला.'

'सुट्टीच्या दिवशी?'

सुट्टी आपल्याला असते. थर्टीफर्स्टचं जागरण करून आपण दुपारी डोळे चोळत उठू, तोवर दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये ते कागद एकमेकांच्या हातात गेलेले असतील.