हरवलेल्या दाराचा शोध

देवणीहून भालकीच्या बाजूला निघालं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि बिदर जिल्हा लागतो. बिदरला सहलीला जाऊन आलेली मुलं किल्ल्याच्याच गप्पा मारतात. आज आपण मात्र गावातलं एक दार पाहू या. गंमत अशी, की ते दार जागेवर नाहीच!

महमूद गावान इराणातून व्यापारासाठी आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याने बिदरमध्ये १४७२ साली एक मोठा मदरसा बांधून पुरा केला. मदरसा म्हणजे त्या काळचं कॉलेजच म्हणा ना! तीन मजले, मधोमध ऐसपैस चौक, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या आणि ग्रंथालयात सुमारे ३००० ग्रंथ. तेव्हा आपल्याकडे छापखाना नव्हता बरं का! एकेक ग्रंथ हाताने लिहिलेला.

इमारतीचं तोंड पूर्वेला. मध्ये भव्य दरवाजा, दोन टोकांना दोन उंच मिनार. भिंतींवर निळ्या, पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या टाइल्स आणि ठसठशीत सुंदर अक्षरं. या टाइल्स करायच्या कशा? भाजलेल्या मातीवर काचेसारखा लेप द्यायचा आणि पुन्हा भट्टीत घालायचं. लेपात कोबाल्ट असलं की निळा रंग येतो. रंग काचेतच मुरलेला, म्हणून साडेपाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊनही उरलेल्या टाइल्स चमकतात.

पुढे १४८१ साली शत्रूंनी गावानच्या नावाने खोटं पत्र तयार केलं. सुलतानाला ते खरं वाटलं आणि त्याने या वृद्ध वजिराला ठार करवलं. मदरसा मात्र उभा राहिला. मग दार गेलं कुठे? १६९६ साली, मोगलांच्या अमलात, या इमारतीत बंदुकीची दारू साठवलेली होती. तिचा भडका उडाला. वीज पडून तसं झालं, असं सांगतात. विद्येच्या घरात दारूगोळा ठेवला, त्याचं हे फळ! मुख्य दरवाजा आणि दक्षिणेकडचा मिनार कोसळला.

तरीही ते दार आपल्याला शोधता येतं. उत्तरेकडचा मिनार आणि त्याच्याजवळची भिंत अजून उभी आहे. दर्शनी भागाच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या, म्हणजे उरलेली बाजू हरवलेल्या बाजूची साक्ष देते. म्हणून तर भिंतीवर खिळ्याने नाव कोरणं वाईट. स्फोटातून वाचलेला पुरावा आपणच पुसायचा का? शिवाय ही संरक्षित वास्तू आहे, तिथे असं करणं गुन्हा आहे.

आता एक कागद घ्या. मधोमध दुमडा. उजव्या भागावर मिनार आणि भिंत शाईने काढा. शाई ओली असतानाच कागद मिटवून दाबा आणि उघडा. डावीकडे दुसरा मिनार उभा राहील. मधली जागा रिकामी ठेवा. तिथे कसं दार शोभेल? ते तुम्ही काढा!