शेवटच्या घराचा वाटा

स्पेनमधील कॅटालोनियाच्या ओसोना परगण्यात २००४ साली ग्रामीण रहिवाशांनी स्वतःचे बिनतारी जाळे उभारण्यास प्रारंभ केला. विरळ वस्तीत नफा नाही म्हणून दूरसंचार कंपन्यांनी ज्या खेड्यांकडे पाठ फिरविली, तेथे घरांच्या छपरांवर अँटेना बसल्या. एका घराने दुसऱ्याचे संदेश पुढे पोचवावेत, या सहकार्यावर 'गिफीनेट' हजारो केंद्रांपर्यंत वाढले. कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर इंटरनेट उभे राहू शकते, हे त्याने सिद्ध केले.

परंतु मालकी सामायिक झाली म्हणजे वाटणीही आपोआप न्याय्य होते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. अशा 'मेश' जाळ्यात प्रत्येक केंद्र स्वतःचे संदेश पाठविते आणि शेजाऱ्याचेही वाहून नेते. सर्व केंद्रे एकाच वाहिनीवर असतील, तर एक बोलत असताना आवाक्यातील इतरांना गप्प राहावे लागते. बाहेरच्या इंटरनेटला जोडलेल्या गेटवेपासून तीन टप्प्यांवरच्या घराचा प्रत्येक संदेश तीनदा प्रक्षेपित होतो. शेजारच्या घराचा एकदाच. शिवाय वायफायचा नियम प्रत्येक केंद्राला बोलण्याची साधारण सारखीच संधी देतो. म्हणजे दहा घरांचा भार वाहणाऱ्या केंद्राला केवळ स्वतःचा भार असलेल्या केंद्राइतकीच संधी मिळते. परिणाम कालव्यासारखाच: मुखाजवळचे शिवार भिजते, टोकाचे कोरडे राहते. येथे कोणी चोरी केलेली नसते. विषमांना दिलेली समान संधीच विषमतेला जन्म देते.

यावर उपाय आहेत. पुढे वाहून न्यावयाच्या संदेशांसाठी प्रत्येक घराची वेगळी रांग ठेवून पाळीपाळीने एकेक संदेश सोडता येतो. ही कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच मांडली होती. गेटवेजवळच्या घरांच्या वेगाला उगमापाशीच मर्यादा घालता येते.

याला कार्यक्षमतेच्या नावाने विरोध होतो. दूरच्या घराला दिलेला वाटा अधिक 'हवा' खातो, त्यामुळे जाळ्याची एकूण वाहतूक घटते, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही. पण एकूण बेरीज हेच उद्दिष्ट धरले, तर टोकाच्या घराला शून्य देणे हाच 'सर्वोत्तम' निर्णय ठरेल! उलट, सर्वांना काटेकोर सारखा वेग दिल्यास एखाद्या दुबळ्या दुव्यापायी सारी वस्ती रखडेल. म्हणून प्रत्येक घराला एक किमान वाटा हमखास मिळावा आणि उरलेली बँडविड्थ कार्यक्षमतेने वाटली जावी, हाच समंजस मार्ग होय.

सेवेच्या दर्जाचा प्रश्न याहून नाजूक आहे. वायफायच्या २००५ मधील ८०२.११ई या मानकाने वाहतुकीचे चार वर्ग ठरविले. त्यांत आवाजाला अग्रक्रम आहे. संभाषणाला विलंब सोसत नाही, चित्रपट उतरवून घेण्यास सोसतो. म्हणून हा भेद गरजेवर आधारलेला व समर्थनीय आहे. मात्र आपली वाहतूक कोणत्या वर्गातील, हे पाठविणारे यंत्रच सांगते. प्रत्येकाने स्वतःला अग्रक्रमी म्हणविले, तर अग्रक्रमच संपतो; आणि तो पैशाने विकला गेला, तर मक्तेदारी मागच्या दाराने परतते. अग्रक्रमाच्या वाहतुकीलाही मर्यादा हवी, ती याचसाठी.

या मर्यादा कोणी ठरवाव्यात? यंत्र बनविणाऱ्याने कारखान्यातून पाठविलेल्या आकड्यांनी नव्हे. 'गिफीनेट'ने खर्चाच्या बाबतीत याचा विचार केला आहे: जाळ्यावर व्यवसाय करणाऱ्या सेवादात्यांनी वापराच्या प्रमाणात सामायिक साधनांचा खर्च उचलावा, अशी भरपाईची पद्धत तेथे आहे. वहनक्षमतेच्या वाटणीलाही हीच शिस्त हवी. किमान वाटा किती, अग्रक्रम कशाला, हे सभासदांच्या सभेत ठरावे, उघडपणे लिहिले जावे, आणि प्रत्येक घराला प्रत्यक्षात मिळणारा वेग मोजून सर्वांपुढे ठेवला जावा. या मोजणीत पहिली नोंद असावी ती गेटवेपासून सर्वांत दूर असलेल्या घराची.