मुदतीबाहेर गेलेली गोष्ट

दूरचित्रवाणीवरील अमुक मालिका पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रार ज्या सहजतेने केली जाते त्या सहजतेने ती तपासली मात्र जात नाही. आणि तक्रारदार बहुधा असा गृहस्थ असतो की ज्याने ती मालिका जेवता जेवता, अर्ध्या लक्षाने आणि पूर्ण तुच्छतेने पाहिलेली असते, त्यामुळे त्याच्या साक्षीला फारसे वजन देण्याचे कारण नाही. साक्ष घ्यावयाची तर ज्यांनी ती मालिका वर्षानुवर्षे नित्यनेमाने पाहिली त्यांची घ्यावी. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेल्या आमच्या कोल्हारात असे साक्षीदार घरोघर आहेत, आणि ‘आई कुठे काय करते’ या मालिकेविषयी त्यांनी दिलेला निकाल मला पुष्कळशा छापील समीक्षेपेक्षा अधिक मार्मिक वाटत आला आहे.

ही मालिका ‘स्टार प्रवाह’ वाहिनीवर २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, चौदाशेहून अधिक भाग होऊन, संपली. मूळ कथाबीज बंगालीतील ‘श्रीमयी’ या मालिकेचे. पण नमिता वर्तक यांच्या पटकथेने, मुग्धा गोडबोले यांच्या संवादांनी आणि रवींद्र करमरकर यांच्या दिग्दर्शनाने ते बीज मराठी मातीत इतके रुजले होते की परकेपणाचा वास त्याला कुठेही येत नसे. पंचवीस वर्षे संसार केलेली, शिक्षण अर्धवट राहिलेली, घरातील प्रत्येकाच्या चहाची, औषधाची आणि लहरीची वेळ पाठ असलेली अरुंधती, आणि तिच्या कष्टांवर उभ्या असलेल्या त्या ‘समृद्धी’ बंगल्यात तिलाच अडाणी ठरविणारा तिचा नवरा अनिरुद्ध, ही जोडी मधुराणी प्रभुलकर आणि मिलिंद गवळी यांनी अशी उभी केली की अनिरुद्धाच्या तोंडचे एखादे वाक्य ऐकून कोणत्या घरात कोण कोणाकडे पाहू लागले याच्या हकिकती दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, म्हणजे हल्ली किराणा दुकानाच्या ओट्यावर, सांगितल्या जात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीच तिला पतीचे संजनाशी असलेले संबंध कळतात. आणि तेथून पुढे, रडून-भेकून झाल्यावर, ती जे एकेक पाऊल उचलते, घटस्फोट स्वीकारते, गाण्याकडे परतते, स्वतःच्या नावाने जगू लागते, त्या सर्व भागात या मालिकेने मराठी घराविषयी जे सांगितले ते खरे होते. सासरा सुनेच्या बाजूने उभा राहतो आणि पोटच्या मुलाला सुनावतो, हे आप्पांचे पात्र तर मला मराठी दूरचित्रवाणीने निर्माण केलेल्या थोड्या सभ्य पुरुषांपैकी एक वाटते.

मालिकेची वेळ सायंकाळी साडेसातची होती. शहरातील वाचकास या वेळेचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. परंतु जेथे गोठ्यातील धारा काढून दूध डेअरीवर घालावे लागते आणि त्यानंतर चुलीवर किंवा गॅसवर भाकरी पडते, तेथे साडेसात ही बाईला दिवसभरात प्रथमच टेकावयास मिळणारी घटका आहे. कामाच्या रगाड्यातून उठून आलेली बाई पडद्यावर कामाच्या रगाड्यातून बाहेर पडणाऱ्या बाईला पाहत होती, यात मालिकेच्या लोकप्रियतेचे निम्मे मर्म आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले आणि जुलैपर्यंत नवे भाग आले नाहीत, तरी हा प्रेक्षक कोठे गेला नाही. जुने भाग पुन्हा पाहत तो बसून राहिला.

असे असता तिचा ऱ्हास झाला काय? झाला, पण तो कोठे झाला यासंबंधी सर्वसाधारण समज चुकीचा आहे असे माझे मत आहे. अभिनय खालावला, संवाद पातळ झाले, पार्श्वसंगीताचा गोंगाट वाढला, अशी जी कारणे सांगितली जातात ती फार तर लक्षणे होत. शेवटच्या वर्षातही मधुराणीबाई एखाद्या फुसक्या प्रसंगात इतक्या मनापासून उभ्या राहत की त्या प्रसंगाची आपल्याला लाज वाटावी. खरे निदान आमच्या गल्लीतील एका म्हाताऱ्या मावशींनी केले. अरुंधतीचे आशुतोष केळकराशी दुसरे लग्न होऊन काही महिने लोटले होते, तरी आप्पा, सासू कांचनबाई आणि मुले यांच्या निमित्ताने ‘समृद्धी’चा पाश काही सुटत नव्हता, आणि अनिरुद्ध नव्याने कुरापती काढीतच होता. मावशी मला म्हणाल्या, “अण्णा, झालं ना आता तिचं सगळं? मग सोडा म्हणावं तिला.”

या एका वाक्यात जो कलाविचार आहे तो सामान्य नव्हे. मालिका कंटाळवाणी झाली असे त्या म्हणत नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशीही ती पाहणारच होत्या. त्यांची फिर्याद न्यायाची होती. ज्या बाईने आपला प्रश्न स्वतःच्या हिमतीवर सोडविला तिला लेखकांनी, दिग्दर्शकांनी आणि वाहिनीने मिळून पुन्हा त्याच कचेरीत हजर केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मालिकेच्या शीर्षकात जो हेटाळणीचा प्रश्न आहे त्याचे उत्तर अरुंधतीने २०२३ साली, आशुतोषशी लग्न केले तेव्हा, पुरेपूर दिले होते. ज्या कथेचे उत्तर देऊन झाले आहे ती कथा पुढे चालवावयाची तर दोनच मार्ग उरतात: नवा प्रश्न विचारावा, किंवा दिलेले उत्तर खोडावे. नवा प्रश्न विचारावयास धाडस लागते. खोडावयास काही लागत नाही. २०२४ साली मालिकेने आशुतोषला मारले, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर लाभलेले सुख अरुंधतीच्या हातून काढून घेऊन तिचे दुःख नव्या खात्यावर मांडले.

क्रमशः लिहिणे हाच दोषाचा उगम आहे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती दिली. हरिभाऊ पाल्हाळिक होते, ही गोष्ट त्यांचे भक्तही नाकारीत नाहीत. आठवड्याचा अंक भरावयाचा तगादा त्यांच्याही मागे होता, आणि काही कथा तर त्यांच्या हातून अपुऱ्याच राहिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ हीही एका स्त्रीच्या घरातील छळाचीच कथा. पण तिच्या नायिकेला, यमूला, वैधव्य येते ते त्या कादंबरीच्या साऱ्या युक्तिवादाचा अटळ शेवट म्हणून. तिचे केशवपन वाचताना आपण एका समाजव्यवस्थेविरुद्धचा पुरावा वाचीत असतो, आणि तो पुरावा मांडून होताच लेखक थांबतो. अरुंधतीला दुसऱ्या संसारात वैधव्य येते ते कोणत्याही युक्तिवादाच्या गरजेपोटी नव्हे, तर पुढच्या सोमवारी काहीतरी दाखवावयाचे आहे म्हणून. दुःख तेच, पडद्यावरची बाई कदाचित अधिक कुशलतेने रडते. तरी एक दुःख साहित्य होते आणि दुसरे केवळ रोजमुऱ्यावर लावलेले मजूर होते.

पूर्वीच्या दूरदर्शनचे गोडवे गाणाऱ्यांनाही मी येथे थोडे थांबवू इच्छितो. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’, ‘श्वेतांबरा’, ‘गोट्या’ यांची आठवण काढून डोळे पुसणारी आमची पिढी असे समजते की तेव्हाचे लोक अधिक गुणी होते. लोक असेच होते. सरकारी दप्तर निराळे होते. तेरा-तेरा भागांची मंजुरी घ्यावी, मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा, आणि साहेबांची मर्जी होईपर्यंत वाट पाहावी, या लालफितीने किती चांगल्या कल्पना मारल्या असतील ते मारल्या असतील, पण थांबावे केव्हा ही चिंता तिने लेखकाच्या डोक्यावरून उतरविली होती, हे उपकार मान्य केले पाहिजेत. ही मुदत खाजगी वाहिन्यांच्या अंमलात नाहीशी झाली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली ती २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग, चालली. आणि त्या विक्रमाचा जो गौरव झाला तो ऐकून पुढील निर्मात्यांनी कोणता धडा घेतला असेल याची कल्पना करता येते.

आज मुदत ठरते ती गुरुवारी. देशभरातील हजारो निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून दर आठवड्याची प्रेक्षकसंख्या गुरुवारी जाहीर होते, आणि जी मालिका त्या यादीत वर आहे तिला संपण्याची परवानगी नाही, जी खाली गेली तिला जगण्याची नाही. म्हणजे कथा चांगली आहे तोवर ती थांबविता येत नाही आणि वाईट झाली की मगच थांबते; या नियमाने प्रत्येक लोकप्रिय मालिकेचा शेवट वाईट होणे हे विधिलिखितच म्हणावयाचे. हा दोष व्यक्तींचा नव्हे याला एक पुरावा पुरेसा आहे. सतीश राजवाडे यांनी २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही ऐन भरातील मालिका वर्ष पुरे होण्याच्या आत संपविली आणि लोक हळहळले. त्याच राजवाड्यांच्या हाती पुढे ‘स्टार प्रवाह’च्या कार्यक्रमांची सूत्रे आली, आणि त्याच काळात अरुंधती पाच वर्षे चालली. थांबण्याची कला ज्याला अवगत आहे त्यालाही ती वापरता येत नाही, एवढा त्या गुरुवारचा वचक आहे. बंगाली ‘श्रीमयी’ २०२१ मध्येच, अडीच वर्षांत, आटोपली होती. त्याच कथेवरून निघालेली हिंदी ‘अनुपमा’ २०२० पासून चालू आहे ती मराठी मालिका संपल्यानंतरही चालूच राहिली. बीज एकच असता आयुष्ये इतकी विषम निघावीत, यावरून कथेच्या लांबीचा कथेशी काही संबंध उरलेला नाही हे उघड होते.

मालिकेचा अंत ज्या रीतीने जवळ आणला गेला तीही शोभादायक नव्हती. मार्च २०२४ मध्ये साडेसातची वेळ नव्या मालिकेला देऊन अरुंधतीला दुपारी अडीचला बसविण्यात आले. दुपारी अडीचला कोल्हारची बाई कांद्याच्या वाफ्यात असते. मोबाइलवर भाग केव्हाही पाहता येतो हे खरे, तरुण सुना तसा पाहतही. पण मालिका नावाची गोष्ट सासू, सून आणि दाराआडून ऐकणारा सासरा अशी तिघांनी मिळून पाहावयाची असते, आणि ती बैठक त्या मार्चमध्ये मोडली.

आमच्याच मुलखातील सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. दरवर्षी गाव बदलते, लाखोंनी लोक येतात, आमटी-भाकरीच्या पंगती उठतात. आणि गर्दी कितीही लोटली, वर्गणी कितीही जमली, तरी सप्ताह पुरा होताच काल्याचे कीर्तन होते आणि मंडप सुटतो. आणखी एक दिवस वाढवावा असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही यजमान गावाला झालेले माझ्या ऐकिवात नाही. पुढल्या वर्षी लोक पुन्हा येतात. गर्दी टिकवावयाची तर सोहळा लांबविला पाहिजे, या वाहिन्यांच्या गृहीतकाला यापेक्षा मोठे उत्तर मला माहीत नाही.

मालिका लांबविण्याच्या समर्थनार्थ एक गोष्ट पुढे केली जाते, आणि ती टाळण्याजोगी नाही: चालत्या मालिकेवर नटांखेरीज प्रकाशयोजनेचे, रंगभूषेचे, वेशभूषेचे कामगार आणि चहा देणारी पोरे अशा कित्येकांची चूल अवलंबून असते. ती चूल विझावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु अरुंधती संपली म्हणून त्या कामगारांच्या हातचे काम संपत नाही. साडेसातला दुसरी कोणी नायिका उभी राहतेच, तिलाही दिवे लागतात, साड्या लागतात, चहा लागतो. मालिकेच्या आरंभीच भागांची संख्या जाहीर करावी आणि ती पाळावी, एवढीच माझी मागणी आहे. तीनशे म्हणा, पाचशे म्हणा, हरकत नाही. जाहिरातदार प्रथम कुरकुरतील. पण ज्या मालिकेचा शेवट ठरलेला आहे तिच्या शेवटच्या आठवड्याला जो भाव येईल, तो पाचव्या वर्षीच्या कोणत्याही रडण्याला येणार नाही, हा हिशेब त्यांना आमच्या डेअरीवरचा कारकूनही मांडून दाखवील.