आवाज कुणाचा?

वार्षिकांक म्हटला की पहिला पाऊस, आईची माया, आजच्या तरुणांपुढील आव्हाने आणि सहलीचे वृत्तांत यांची हजेरी ठरलेली. मी मात्र ट्रकच्या सायलेन्सरवर लिहिणार आहे. कलाशाखेतल्या मुलाला हे काय सुचले, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या महाविद्यालयात मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींची फी ट्रक, टेम्पो, पिकअप आणि टँकर यांच्या भाड्यातून येते. ज्या धंद्यावर आपली वह्यापुस्तके येतात, त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे काही वावगे ठरू नये.

आपला मुलूखच रस्त्यांचा आहे. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग वासिंद, आसनगाव, खर्डी करीत कसाऱ्याच्या घाटाला भिडतो. मुरबाडातून कल्याणचा रस्ता सरळगाव, टोकावडे मागे टाकून माळशेज चढतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि शहापूरच्या डोंगरांतून आणखी एक वाट गेली. रस्ते आले तशी गाड्यांची कर्जे आली. दहावी-बारावीनंतर नोकरीची वाट पाहून कंटाळलेला मुलगा हप्त्यावर गाडी घेतो, आणि मग त्या गाडीचा प्रत्येक आजार त्याच्या घरचा आजार होतो.

सायलेन्सर बदलणे हे अशा आजारांपैकी एक. पावसाळ्यात चिखलपाण्याने पत्रा सडतो, खड्ड्यांच्या दणक्यांनी हँगर तुटतो, आणि एके दिवशी गाडी फाटक्या ढोलासारखी वाजू लागते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर दिवस मोडतो, भाडे बुडते, आणि हप्त्याची तारीख काही थांबत नाही. म्हणून बाजारातून तयार सायलेन्सर आणायचा आणि अंगणातच बसवायचा, हा आपल्याकडचा रिवाज आहे. त्याला कुणी नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. उलट ते काम जवळून पाहिले की त्यात केवढे शहाणपण आहे हे कळते.

आमच्या थोरल्या काकांचा, म्हणजे आप्पांचा, जुना सहाचाकी ट्रक आहे. त्याचा सायलेन्सर गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरी बदलला. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढे-मागे दगड लावले. इंजिन रात्रभर निवू दिले. कारण तापलेला पाईप हाताची कातडी ठेवीत नाही. गंजून बसलेल्या नटांना आदल्या संध्याकाळी डिझेल पाजून ठेवले. घाई करून नट पिळला तर बोल्ट मधोमध तुटतो आणि तासाचे काम दोन दिवसांवर जाते. जुने पॅकिंग खरवडून काढले, नवे घातले. सायलेन्सर लाकडी ठोकळ्यांवर टेकवला आणि सगळे बोल्ट आधी नुसते हातानेच अडकवले. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर पुढची भोके जुळत नाहीत, हे आप्पांचे सांगणे. पाईप सगळीकडे नीट बसला तेव्हा इंजिनाकडून मागे मागे येत एकेक आवळला. गाडी सुरू करून, पाईप थंड असतानाच, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले. जिथे बुडबुडा आला तिथे पुन्हा पाना फिरवला. दुसऱ्या दिवशी एक फेरी झाल्यावर पुन्हा एकदा सगळे नट तपासले; कारण लोखंड तापून फुगते, निवून आकसते, आणि त्यात नट सैल पडतात.

या कामाला आपण 'फिटरगिरी' म्हणतो आणि म्हणताना ओठ किंचित वाकडे करतो. क्रम, कारण आणि पडताळा या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे विद्या आहे, मग ती झाडाखाली पोत्यावर उताणे पडून का केलेली असेना. पण विद्येबरोबर विवेकही लागतो, आणि माझ्या लेखाचा खरा विषय तोच आहे.

काम चालू असताना माझ्या धाकट्या चुलतभावाने सुचवले, "आप्पा, नव्या सायलेन्सरमधली जाळी कापून टाकू या ना. पाईप मोकळा केला की आवाज कसा घुमतो बघा!" त्याला हे दोनदा सांगावे लागले. आप्पांना कमी ऐकू येते. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, "मोकळा टाकलास तर गाडी तूच चालव. माझं उरलंय तेवढं राहू दे."

सायलेन्सरच्या पोटात विशेष काही नसते. भोके पाडलेल्या नळ्या, मध्ये पडदे आणि त्यांनी केलेले कप्पे. इंजिनातून धक्क्याधक्क्याने येणारा वायू या कप्प्यांत पसरतो, भिंतींवर आदळतो, परतलेल्या लाटा येणाऱ्या लाटांना मारतात आणि बाहेर पडेपर्यंत स्फोटांची नुसती घरघर उरते. हे पोट कापून रिकामे करायचे किंवा सायलेन्सरच्या जागी सरळ पाईप टाकायचा, ही हल्लीची हौस. तिचे समर्थन करणारे सांगतात की पाईप मोकळा केला की गाडी मोकळा श्वास घेते आणि ताकद वाढते. सायलेन्सर काजळीने चोंदला असेल तर ताकद घटते, हे खरे. पण चांगल्या सायलेन्सरची अडवणूक मुळात थोडी असते. गाडीची ताकद ठरते ती इंजिनात किती हवा आणि किती डिझेल जाते त्यावरून. पंप तोच, टर्बो तोच, आणि आवाज तेवढा दुप्पट, तर वाढ बहुतेक कानातच झालेली असते.

घाटात तर हे धूर सोडणारे नळकांडे जीव वाचवते. पुष्कळ ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. पाईपमधली एक झडप बंद होते, वायू मागे कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. कसारा किंवा माळशेज उतरताना भरलेली गाडी केवळ चाकांच्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून या कोंडलेल्या वायूचा आधार लागतो. आता इंजिन आणि झडप यांच्यामधला एखादा जोड फुसका बसला तर तिथून वायू निसटतो आणि तेवढा आधार कमी होतो. म्हणजे आवाजाच्या हौसेपायी वाकडातिकडा जोडलेला पाईप घाटाच्या वळणावर हिशेब मागतो. तीच गोष्ट आगीची. डिझेलच्या नळीपासून धुराचा पाईप ३५ मिलिमीटरच्या आत नसावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत (१९८९) नियमच आहे. ज्या गाड्यांतून भाताचा पेंढा आणि गवत वाहून नेले जाते, तिथे हे दोन बोटांचे अंतर किती मोलाचे, हे निराळे सांगायला नको.

कायद्याविषयी आपल्याकडे एक समज आहे, की तो फक्त दंड वसूल करण्यासाठी असतो. दंड आहेच. ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर उतरवून पोलिसांनी त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहतोच. पण त्याच नियमावलीतला ११२ वा नियम मला जास्त बोलका वाटतो. गाडीचा धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये, उजवीकडे किंवा मागे सोडावा, असे तो मुळात सांगतो. डावीकडेच का नको? कारण आपण रस्त्याच्या डावीकडून गाड्या हाकतो, आणि डाव्या कडेने माणसे चालतात. शाळेला निघालेली पोरे, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, एसटीची वाट पाहणारा म्हातारा. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही माणसे होती. अंगणात पाईप कापायला बसलेल्या आपल्या डोळ्यांपुढे ती असतात का?

नव्या गाड्यांचा प्रश्न आणखी पुढचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके आली आणि ट्रकच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आणि युरियाच्या द्रावणाने विषारी वायू निवळणारी यंत्रणा बसली. हे सारे काढून 'कटकट मिटवणारे' कारागीरही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. तेव्हा जुना सडलेला सायलेन्सर काढून त्याच मापाचा, त्याच कामाचा नवा बसवणे ही दुरुस्ती झाली; गाळणी काढून फेकणे म्हणजे आपल्या घरचा खर्च दुसऱ्याच्या छातीत नेऊन टाकणे होय. दोन्ही कामे त्याच अंगणात, त्याच पान्याने होतात, म्हणून ती एक होत नाहीत.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. आवाज म्हणजे केवळ उपद्रव नव्हे. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तानसा आपल्या शहापुरात, भातसा धरण आपल्या शहापुरात, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. दूरच्या चढावर टँकरची घरघर ऐकू आली की बायका हंडे घेऊन निघतात. त्या आवाजाला कोण गोंगाट म्हणेल? म्हसा यात्रेला निघालेल्या बैलांच्या गळ्यातही घुंगरमाळा असतच. अंधाऱ्या वाटेवर समोरच्याला चाहूल लागावी, ही त्यामागची रीत. पण म्हणूनच फरक स्पष्ट होतो. घुंगरू सांगते, 'बाबा, मी येतोय, सांभाळ.' मोकळा पाईप सांगतो, 'मी आलोय, तू बाजूला हो.' आणि टँकरची चाहूल लागायला त्याचा सायलेन्सर फाडावा लागत नाही. तहानलेल्या माणसाला साधी घरघरही पुरते.

त्यातही सर्वांत आधी मार बसतो तो आपल्याच माणसाला. रस्त्यावरचा माणूस तो आवाज घडीभर ऐकतो. चालक आणि क्लीनर दिवसभर ऐकतात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा श्रवणतज्ज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरांचे, लहान मुलांचे. आप्पा घरात मोठ्याने बोलतात, नातीचे बोबडे बोल त्यांना कळत नाहीत, आणि सगळे त्याला वय म्हणतात. मला ते वय वाटत नाही. तीस वर्षांच्या भाड्यांतून वजा झालेली ती रक्कम आहे, आणि ती कुठल्याही बिलावर लिहिलेली नाही.

एकांकिकांच्या स्पर्धेत आपण बेंबीच्या देठापासून ओरडतो, "अरे, आवाज कुणाचा?" ते ओरडणे मला आवडते. त्या आवाजामागे महिनाभर तालीम केलेली असते, सांगण्यासारखे काही असते. ज्या तरुणाला गावात कुणी विचारीत नाही, नोकरीच्या रांगेत ज्याचे नाव येत नाही, त्याला निदान पाईपने तरी आपली दखल घ्यायला लावावी असे वाटले, तर ते मी समजू शकतो. पण ज्या हातांना जाम झालेला नट न तोडता सोडवता येतो, त्या हातांची ओळख गोंगाटाने व्हावी, हे मला पटत नाही.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना आणि मित्रांना माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी भरते. झाडे लावतो, गाव झाडतो, पथनाट्य करतो. येत्या वर्षी एक दिवस महामार्गाच्या कडेला, ट्रक थांबतात तिथे, चालकांच्या श्रवणतपासणीचे शिबिर घ्यावे. डॉक्टर बोलवावेत, नोंदी आपण ठेवाव्यात. त्याच दिवशी एखाद्या जाणत्या फिटरला मानाने बोलावून, सायलेन्सर घरच्या घरी नीट कसा बसवावा याचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि समोर बसून ते शिकावे. शिक्षणसंस्थेभोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. ती आपल्या फाटकाशी किती पाळली जाते हेही मोजून सूचनाफलकावर लावावे. मोजणीला विज्ञानशाखाच लागते असे नाही. चालकांना प्रश्न विचारायला आणि त्यांची उत्तरे शांतपणे ऐकून घ्यायला कलाशाखा पुरेशी आहे.

पहिले नाव मी आप्पांचे देतो. ते सहजासहजी येणार नाहीत. "मला काय धाड भरलीय" म्हणतील. पण त्यांना आणायची जबाबदारी माझी.