सुगीचे माप आणि दुखण्याची राखण



मागच्या आठवड्यात एका गावी हरभऱ्यावरील घाटे अळीची सभा आटोपून उठत होतो. तेवढ्यात एक वयस्क शेतकरी म्हणाले, "साहेब, अळीचं समजलं. पण घरच्या माणसाच्या पोटात दुखू लागलं तर काय फवारायचं?" सगळे हसले, ते मात्र हसले नाहीत. कारभारणीच्या ऑपरेशनपायी त्यांची दुभती म्हैस बाजार दाखवून आली होती.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरी गावाच्या आरोग्य निधीची गोष्ट काढली. घरटी थोडी वर्गणी जमवावी आणि ज्याच्या घरी दुखणे येईल त्याला त्यातून मदत व्हावी. लगेच प्रश्न आला, "वर्षभर कुणी आजारी पडलं नाही, तर पैसे परत मिळणार का?" नाही, असे सरळ सांगितले. निम्मी सभा उठून गेली.

प्रश्न खुळा नव्हे. घामाचा पैसा कोण उगाच देईल? पण आपण रात्री जागून पिकाची राखण करतो. रानडुक्कर आले नाही, तर जागरण फुकट गेले असे म्हणतो का? वर्गणी ही अशीच राखण आहे.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत अशी योजना चालू केली. डॉ. उल्हास जाजू यांनी ती पुढे नेली. वर्गणी होती ज्वारीची! पीक घरात आले की माप घालायचे. भूमिहीनाचे माप लहान, जमीनवाल्याचे एकराच्या हिशेबाने मोठे. त्याबदली रुग्णालयात उपचाराला सवलत मिळे.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, वर्गणी सुगीत मागावी. आषाढात खिसा रिकामा असतो, तेव्हाचा नकार खरा नकार नसतो. दुसरी, माप ऐपतीप्रमाणे असावे. तिसरी सर्वांत मोठी. गावातील निदान ७५ टक्के घरे आली तरच त्या गावाला योजनेत घेत. केवळ दुखणेकरी घरेच आली, तर निधी पहिल्या पावसातच वाहून जातो. धडधाकट घराने आज दिले, तर उद्या त्याचीही पाळी निभावते.

आता शासनाची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहेच. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जपून ठेवा, योजनेतील जवळचे रुग्णालय आजच विचारून घ्या. परंतु तिथे ठरलेल्या यादीतलेच उपचार होतात. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, रात्रीचे गाडीभाडे, रुग्णाजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी हे घरच्यांच्याच माथी येते. सावकाराचे दार बरेचदा याच खर्चासाठी ठोठवावे लागते. गावचा निधी इथे कामी येईल.

मात्र तो विश्वासावर चालतो. कोणाला, कशासाठी, किती द्यायचे हे आधी लिहून काढा. पैसे बँकेत ठेवा, खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यातली एक बाईमाणसाची असावी. दुखणे अंगावर काढायची पाळी बहुधा तिच्यावरच येते. दर महिन्याचा हिशेब चावडीच्या फळ्यावर लावा. बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती मात्र दमडीही देऊ नका.

त्या गावी शेवटी नऊ घरे बसून राहिली. म्हैस विकलेले बाबा त्यांत होते. ते पैसे काढू लागले, पण मी थांबवले. नऊ घरांत निधी उभा राहत नाही. हरभरा निघाला की पुन्हा जाणार आहे.

तोवर आपण एक करा. गेल्या तीन वर्षांत दवाखान्याला किती गेले आणि ते कोठून आणले, हे रात्री घरात बसून कागदावर मांडा. मांडताना घरातील बायकांना जरूर विचारा, नाहीतर हिशेब अर्धाच राहील.