प्रमुख पाहुण्यांचं पंचांग

मी नागपूरची. उन्हाबद्दल मला कोणी शिकवू नये. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खिडकीला वाळ्याची ताटी आणि २५ मेपासूनचा नवतपा, या शाळेत मी वाढले. लग्नानंतर नवऱ्याच्या बदलीपायी कोलकात्यात बालीगंजला आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. नागपूरची म्हटल्यावर इथले शेजारी अजून ‘बोर्गी’, म्हणजे मराठे लुटारू, म्हणून चिडवतात. भोसल्यांच्या स्वाऱ्या अठराव्या शतकातच थांबल्या, बंगाल्यांच्या आठवणीतून मात्र त्या अजून परतलेल्या नाहीत. हा लेख त्यांनी आणखी एक स्वारी समजायला माझी हरकत नाही.

गेल्या वर्षीची पंचविशे बोइशाख, म्हणजे रवींद्रजयंती. मे महिन्याचा दुसरा आठवडा. घराजवळच्या एका बागेत पाड्याच्या क्लबचा कार्यक्रम होता. (आपल्याकडे पाडा म्हणजे जंगलातली वस्ती. इथे पाडा म्हणजे आपली आळी, आणि कधीकधी जंगलाचा कायदा इथेही चालतो.) पत्रिकेवर वेळ चारची. नाचणाऱ्या मुली साडेतीनपासून नटून बसलेल्या. पांढऱ्या साड्या, लाल काठ, केसांत फुलं, गालांवरच्या पावडरीतून घामाचे ओघळ. व्यासपीठाला छत होतं. छताखाली चार उभे पंखे होते. पंख्यांसमोर सहा गुबगुबीत खुर्च्या, सहाही रिकाम्या. आमच्या डोक्यावर आकाश. अडीच तास त्या सहा खुर्च्यांना वारा घातला जात होता आणि आम्ही तो पाहत होतो.

मी एका कार्यकर्त्याला म्हटलं, ‘बाबा रे, या पोरींना तरी छताखाली घे.’ तो अदबीने म्हणाला, ‘काकीमा, ते पाहुण्यांसाठी आहे.’ साडेपाचला शेजारची नऊ वर्षांची मुलगी कोसळली. तिच्या आजीने तिला मांडीवर घेतलं, कोणी बाटलीतलं पाणी मारलं, ध्वनिक्षेपकावरून ‘कृपया शांतता राखा’ अशी सूचना आली. सहा चाळीसला पाहुणे अवतरले. पस्तीस मिनिटं बोलले. विषय होता रवींद्रनाथांचं निसर्गप्रेम. ती मुलगी तोवर घरी ओआरएस पीत होती. तिच्या नाचाचा नंबर भाषणानंतर होता.

बालीगंजचं ऊन नागपूरसारखं नाही, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडची मंडळी कोलकात्याचा छत्तीस अंशांचा आकडा ऐकून हसतात. आमचा चव्वेचाळीस कोरडा असतो. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग निववतो. इथे हवाच ओली. घाम गळतो, वाळत नाही. अंग निववणारी मुख्य यंत्रणा बंद पडते आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून इथे नागपुरी कूलर कुचकामी, तो ओल्या हवेत आणखी ओल सोडतो. बंगालीत या उकाड्याला ‘भ्यापसा गरम’ म्हणतात. शब्दातच वाफेवर शिजल्याचा भास होतो. आणि कोरड्या आकड्यातही आता कोलकाता मागे नाही. ३० एप्रिल २०२४ ला अलीपूरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता. त्या वर्षी शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या अलीकडे ओढल्या गेल्या आणि निवडणुकीच्या सभा मात्र मैदानात चालूच राहिल्या. म्हणजे पोरांना उन्हातून घरी पाठवायचं आणि त्यांच्या आजीआजोबांना ट्रकमध्ये भरून उन्हात आणायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या शहरांतल्या उन्हाळी कार्यक्रमांची वेळ ऋतू पाहून ठरत नाही, प्रेक्षक पाहून ठरत नाही, प्रमुख पाहुण्यांच्या सवडीने ठरते. तिथी, नक्षत्र, पारा, आर्द्रता यांच्या वर एक पंचांग आहे आणि ते पाहुण्यांच्या स्वीय सहायकाच्या खिशात असतं.

बंगाल्यांवर तोंडसुख घेऊन थांबले असते तर मराठी वाचकांनी टाळ्या दिल्या असत्या. पण १६ एप्रिल २०२३ विसरता येत नाही. नवी मुंबईत खारघरचं मैदान, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, राज्याचा सर्वोच्च सन्मान, देशाचे गृहमंत्री हजर. एप्रिलची ऐन दुपार आणि लाखोंचा जनसमुदाय. व्यासपीठाला छप्पर होतं, समोर बसलेल्या सत्कारमूर्तींच्या अनुयायांना, म्हणजे श्रीसदस्यांना, नव्हतं. चौदा माणसं गेली. सत्कार स्वच्छतेच्या आणि वृक्षारोपणाच्या कामाबद्दलही होता, आणि माणसं झाडाविना मेली. पाठोपाठ वारसांना पाच लाख जाहीर झाले. मग सरकारनेच सांगितलं की उन्हाची काहिली ओसरेपर्यंत दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत. हे कळायला चौदा तिरड्या लागल्या. माझ्या आजीला हे घड्याळ न पाहता कळायचं. बारानंतर ती अंगणात कोंबडीसुद्धा हिंडू देत नसे.

ऊन पक्ष पाहत नाही, हेही त्याच महाराष्ट्राने दाखवलं. २४ एप्रिल २०२४ ला यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या प्रचारसभेत नितीन गडकरींना बोलता बोलता भोवळ आली. आमच्याच नागपूरचे, विदर्भाच्या उन्हात मुरलेले. त्यांना लगेच सावरणारे हात होते, काही वेळाने ते पुन्हा उभे राहून बोललेही. बरं झालं. मला फक्त एक हिशेब सुचतो. व्यासपीठावर, माणसांच्या गराड्यात उभ्या असलेल्या माणसाची ही गत, तर शंभराव्या रांगेतल्या बाईची काय? तिला भोवळ आली तर तिची बातमी होत नाही. पदर डोक्यावर ओढून ती बाजूला बसते.

आता माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची गोष्ट. ढाकुरियाच्या तळ्याकाठी नजरुल मंच आहे. ३१ मे २०२२ च्या संध्याकाळी तिथे एका महाविद्यालयाच्या महोत्सवात गायक केके गायला. अडीच हजारांच्या आसपास आसनांचं सभागृह, आणि त्या दिवशी आत किती माणसं होती यावर पुढे किती दिवस वाद चालला ते साऱ्या देशाने वाचलं. घाम पुसत गाणारा, दिवे कमी करा म्हणून खुणावणारा माणूस सगळ्यांनी चित्रफितीत पाहिला. त्याच रात्री तो गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. डॉक्टरांच्या निदानापुढे मी बोलणार नाही. पण ती संध्याकाळ ज्यांनी आखली त्यांच्या लेखी मे महिना, दमटपणा आणि माणसांची मोजदाद या गोष्टी कितव्या क्रमांकावर होत्या, हे विचारायला वैद्यकीची पदवी लागत नाही. दुसऱ्या दिवशी रवींद्र सदनात त्याला बंदुकांची सलामी दिली गेली. सलामीच्या आखणीत आपण कधी कमी पडत नाही.

याच नजरुल मंचावर जानेवारीत काय होतं ते पाहा. डोव्हर लेन संगीत संमेलन. नावातली डोव्हर लेन माझ्या रोजच्या भाजीच्या वाटेवर आहे. १९५२ मध्ये ते तिथल्या गल्लीत सुरू झालं आणि वाढत वाढत तळ्याकाठी गेलं. रात्र रात्र चालतं. माकडटोप्या घातलेले आजोबा थर्मासमधला चहा पीत पहाटेच्या भैरवीपर्यंत बसतात, कोणालाही भोवळ येत नाही. आपल्या पुण्यात सवाई गंधर्व १९५३ मध्ये सुरू झाला, तोही डिसेंबरात. दोन्ही शहरांतल्या संगीतवेड्यांना एकाच सुमाराला एकच शहाणपण सुचलं होतं. माणसं उघड्यावर, नाहीतर खच्चून भरलेल्या मांडवात, तासन् तास बसवायची तर थंडी निवडावी.

त्याहून जुनी गोष्ट बालीगंजच्या गुरुसदय रोडवरची. त्याचं जुनं नाव स्टोअर रोड. तिथे आज बिर्लांचं औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय आहे, त्या भागात पूर्वी सत्येंद्रनाथ ठाकूर राहत. रवींद्रनाथांचे थोरले बंधू, पहिले हिंदी आयसीएस. सगळी नोकरी मुंबई इलाख्यात केली, साताऱ्याला न्यायाधीश होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. बोर्गींच्या वंशजांना या पत्त्यावर मान आहे, तो त्यांच्यामुळे. हे सत्येंद्रनाथ हिंदू मेळा या स्वदेशीच्या मेळाव्याशी जवळून जोडलेले. १८६७ मध्ये तो पहिल्यांदा भरला तेव्हा चैत्र संक्रांतीचा मुहूर्त होता, म्हणून नावही चैत्र मेळा. भरायचा तो धनिकांच्या बागांमध्ये, म्हणजे झाडांखाली. आणि १८७५ मध्ये तेरा वर्षांच्या रवींद्रनाथांनी तिथे आपली कविता वाचली तो महिना होता फेब्रुवारी. मुहूर्त चैत्रातून माघात आला होता. त्यातून मी माझा अर्थ काढते. ती माणसं तारीख हलवू शकत होती. तेव्हा तारीख पाहुण्यांच्या मालकीची नव्हती.

‘म्हणजे उन्हाळ्यात उत्सवच नकोत का?’ असं मला दरवर्षी विचारलं जातं. हवेत ना. आपले उन्हाळी सण कसे होते ते आठवा. गुढी सूर्योदयाला उभी राहते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू ऊन उतरल्यावर, हातात पन्ह्याचा पेला आणि वाटीत आंब्याची डाळ. गावच्या जत्रेत पालखीचा छबिना रात्री निघतो, तमाशाला रात्रीशिवाय रंग नाही. दुपार देवालाही झोपेसाठी दिलेली. बंगालमध्ये तेच. पोइला बोइशाखची, म्हणजे बंगाली नववर्षाची, प्रभातफेरी पहाटेची. जोडासांकोला, रवींद्रनाथांच्या वाड्यात, जयंतीची गर्दी सकाळपासून. पन्ह्याच्या जागी भाजलेल्या कैरीचं आम पोडार शरबत. मी जुन्याची आरती ओवाळत नाही. १२ जून २०२२ ला पाणिहाटीच्या दही-पोह्यांच्या प्रसादाच्या उत्सवात, उकाड्यात आणि गर्दीत तीन म्हातारी माणसं गेली, आणि तो उत्सव शेकडो वर्षांचा आहे. परंपरा म्हटल्याने सावली पडत नाही. गर्दी दसपट झाली की सावलीही दसपट लागते.

‘शेतकरी उन्हात राबतो, तुम्हाला दोन तास बसवत नाही?’ हा दुसरा ठरलेला सवाल, आणि तो विचारणारा नेहमी वातानुकूलित गाडीतून उतरलेला असतो. साहेब, शेतकरी पहाटे चारला औत धरतो आणि दुपारी बांधावरच्या बाभळीखाली भाकर खाऊन पडतो. त्याला त्या वेळी खुर्चीला खिळवून कोणी निसर्गप्रेम ऐकवत नाही. ‘लोक आपणहून येतात’ हा तिसरा. येतात. आणि येऊन कठड्यांच्या कप्प्यात अडकतात. पाण्याचा टँकर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरची वाट पाहुण्यांच्या ताफ्यासाठी रोखून धरलेली. आपणहून आलेल्याला आपणहून जाता येत नसेल तर त्याला कोंडवाडा म्हणतात.

याच बालीगंजात याच मे महिन्यात दुसरी एक गोष्ट घडते, आणि तिला कोणी उद्घाटक लागत नाही. गरियाहाटकडे जाताना कोपऱ्याकोपऱ्यावर जलछत्र लागतं. जलछत्र म्हणजे आपली पाणपोई. एक ताडपत्री, मातीचे दोन रांजण, पाण्याबरोबर बत्तासा नाहीतर गूळ आणि भिजवलेले चणे. क्लबची तीच पोरं, जी बागेतल्या त्या मुलींना छताखाली घेत नव्हती, इथे रिक्षावाल्याला, फेरीवाल्याला, अनोळखी म्हातारीला हाताने पाणी देतात. पोरं वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावर व्यासपीठ बसलं की ती बिघडतात.

तेव्हा माझ्या मागण्या. मार्च ते जून अकरा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नको, मग तो सरकारचा असो, पक्षाचा, बाबांचा की क्लबचा. परवानगी देताना आधी प्रेक्षकांचा मांडव मोजा, व्यासपीठाचा नंतर. पंखे चारच असतील तर चारही खाली. पाणी बसल्या जागी पोचलं पाहिजे, आणि बाहेर पडायची वाट कोणाच्याही गाडीसाठी बंद होता कामा नये. पाहुण्यांसाठी पंधरा मिनिटं थांबावं, सोळाव्या मिनिटाला पोरींचा नाच सुरू करावा. पाहुणे मधेच आले तर त्यांना मागच्या रांगेत जागा द्यावी. तिथून निसर्ग छान दिसतो.

यंदा क्लबचा सचिव पत्रिका घेऊन घरी आला. कागद गुळगुळीत, अक्षरं सोनेरी. वेळ दुपारी चार, खाली प्रमुख पाहुण्यांचं नाव रवींद्रनाथांपेक्षा मोठ्या टायपात. मी पेन्सिल घेतली, चार खोडले, पहाटे साडेपाच लिहिलं आणि पत्रिका त्याच्या हातात परत दिली.

तो बराच वेळ त्या पेन्सिलीकडे पाहत राहिला. मग काळजीने म्हणाला, ‘पण काकीमा, पाहुणे इतक्या लवकर उठत नाहीत.’

म्हटलं, ‘म्हणूनच.’